एस्तेरमावशीची जीभ

देव, भूत, चमत्कार... माझा यातल्या कशावरही कधीच विश्वास नव्हता. हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. दाराला लिंबू-मिरची टांगणाऱ्यांशी वाद घालून गल्लीत बदनाम झालेली बाई आहे मी! तरी हे लिहितेय, कारण माझ्यासमोर घडलं, तेही भरदुपारी, स्वयंपाकघरात.

आम्ही कोल्हापूरजवळ उचगावला राहतो. भिंतीपलीकडे एस्तेरमावशी. दर रविवारी न चुकता चर्चला जाणार, आणि गल्लीतल्या कुठल्याही जेवणाचा तांबडा रस्सा तिच्याच हातचा. तिचा एकुलता एक मुलगा सॅमी तीन वर्षांपूर्वी आजऱ्याहून येताना बाइकच्या अपघातात गेला. बाइक त्याचा जिवलग मित्र विनायक चालवत होता — पिऊन.

सॅमीला माती देऊन आल्यावर मी मावशीला चहा दिला. एक घोट घेऊन म्हणाली, "साखर टाकली न्हाईस व्हय?" साखर होती, मीच टाकली होती. त्या दिवसापासून तिच्या जिभेला गोड, खारट, काही म्हणता काही कळेना. तिखटसुद्धा नाही! कोल्हापूरची बाई, पण हिरवी मिरची काकडीसारखी चावायची आणि डोळ्यांत पाण्याचा टिपूस नसायचा. डॉक्टर झाले, स्कॅन झाले, सगळं नॉर्मल. "भुस्सा खाल्ल्यागत लागतंय बघ," म्हणायची. हळूहळू जेवणच सुटलं. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. कधी काही शिजवलंच तर मीठ चाखायला मला हाक मारायची. ही बाई आता फार काळ काढत नाही, अशी भीती मला रोज वाटायची.

विनायक अधूनमधून गेटशी येऊन उभा राहायचा. मावशी दार लावून घ्यायची. मला ते बरोबरच वाटायचं, तिला मात्र नाही. एकदा म्हणाली, "चर्चात सगळी प्रार्थना म्हणतो गं मी. 'जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो' या ओळीला आलो की तोंड मिटतंय. देवाफुडं खोटं कसं बोलू?" (आमच्याकडे बायकाही 'म्हणतो'च म्हणतात.)

मग गेल्या हिवाळ्यातला एक रविवार. चर्चहून येताना तिने मटण आणलं, रस्सा केला, मला बोलावलं. मी चाखून "मीठ बरोबर" म्हणतेय तोवर गेट वाजलं. विनायक. मावशी पदराला हात पुसत बाहेर गेली. मी मागोमाग... म्हटलं, भांडण झालं तर आवरायला कुणीतरी हवं.

"आत ये," मावशी म्हणाली.

तो जागचा हलेना. "मावशी, मी..."

"गप. ऐक. तुझ्यामुळं माझं पोरगं गेलं, ते मी मरंस्तवर इसरणार न्हाई. पण तुला माफ केलंय. आज देवाफुडं ती ओळ म्हणून आलो, आता तुझ्या तोंडावर सांगतो. हात धू. जेवून जा."

तो पायरीवरच बसून ढसाढसा रडला. मग आम्ही तिघं जेवायला बसलो. मावशीने डोळे मिटून प्रार्थना केली, भाकरी रश्शात बुडवून घास तोंडात घातला... आणि असा ठसका लागला! डोळ्यांतून धारा. मी पाणी घेऊन धावले, तर तांब्या बाजूला सारून माझ्यावरच खेकसली, "मीठ कमी हाय की गं! एवढी वर्सं असलं आळणी खायला घालतीयास व्हय मला?"

माझ्या नवऱ्याला बीपी. आमच्या घरात मीठ बेतानंच, त्याची माझ्या जिभेला सवय. मी हसायला लागले आणि हसता हसता रडूच कोसळलं. मावशी दोन भाकऱ्या जेवली. आता तिच्या बांगड्या पुन्हा मनगटावर आहेत.

डॉक्टर म्हणाले, "होतं असं कधीकधी." मानसिक धक्का, नसा, सगळं वाचून झालंय माझं. पण मग नेमकं त्या दिवशी, त्याच घासाला का?

आणि जीभ राहू दे एक वेळ. ठसका ओसरल्यावर मावशीने पातेल्यात पळी फिरवून मगजानं भरलेली नळी शोधली. त्या घरात नळी कायम सॅमीची, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. ती तिने विनायकच्या ताटात वाढली आणि म्हणाली, "खा लेकरा. गार हुतंय."

याचं स्पष्टीकरण कुठल्या पुस्तकात शोधू?