सांगलीचा पेपर, आजचा आजच

बाबांचं मागणं एवढंच होतं की सांगलीचा पेपर त्याच दिवशी वाचायला मिळावा. बँकेच्या बदलीने ते जयपूरला आले, निवृत्त होऊन वैशाली नगरातच राहिले आणि इतकी वर्षं पोस्टाने येणारा पेपर शिळाच वाचत आले. आता तो इंटरनेटवर मिळू लागला होता. पण आमचा जुना कॉम्प्युटर एक पान उघडेपर्यंत बाबांची आंघोळ, पूजा, चहा सगळं उरकायचं. नवा घ्यायचा विषय काढला की म्हणायचे, धडधाकट वस्तू घराबाहेर काढायची नसते.

मी तेव्हा इथल्याच एका कॉलेजात शिकवत होते आणि लिनक्स या फुकट मिळणाऱ्या सिस्टिमचं खूळ डोक्यात नवं होतं. एका रविवारी पोहे खाल्ले आणि बसलेच. कॉम्प्युटर तोच ठेवून त्यातला जडशीळ डेस्कटॉप प्रोग्राम काढायचा आणि त्या जागी हलका विंडो मॅनेजर टाकायचा, म्हणजे खिडक्यांना चौकट देणारा, त्या हलवू देणारा एवढासा प्रोग्राम. उजव्या बटणाचा मेनू मी मराठीत लिहिला: पेपर, पत्ते, बंद. आईने मध्येच फर्मावलं की कोपऱ्यात घड्याळ दिसू दे, मतलब हे किती वेळ बसलेत ते मला कळेल. सुरू होताना काय काय चालवायचं ते ज्या फाइलीत लिहितात, तिच्यात मी सगळ्यात वर घड्याळाचीच ओळ घातली, विंडो मॅनेजरची तिच्याखाली.

चालू केलं. करडा पडदा, कोपऱ्यात घड्याळ, बस्स. मेनू नाही, चौकट नाही. उजवं बटण दाबून बोट दुखायला लागलं. ग्राफिक्स कार्डाला मनसोक्त शिव्या घातल्या, सगळं पुसून नव्याने बसवलं, तरी ये रे माझ्या मागल्या. बाबा शेजारी चष्मा लावून तयार बसले होते. ते सारखा तो काढून पुसत होते आणि त्याचाच मला जास्त राग येत होता. शेवटी म्हणाले, "राहू दे. पोस्टाने येतोच की." हे ऐकून मला रडूच यायला लागलं.

घड्याळ तेवढं ऐटीत चाललं होतं. मी दुसऱ्या टर्मिनलमध्ये, म्हणजे नुसत्या आज्ञा टाइप करायच्या काळ्या पडद्यावर गेले आणि रागाच्या भरात ते बंद पाडलं. परत येऊन उजवं बटण दाबते तर मेनू हजर. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. फाइलीतल्या ओळी एकामागून एक चालतात. घड्याळ संपलं की मग विंडो मॅनेजर सुरू कर, असं मीच लिहून ठेवलं होतं. आणि घड्याळ कधी संपतं का? त्या ओळीच्या शेवटी नुसतं & हे चिन्ह हवं होतं, म्हणजे घड्याळ आपलं चालत राहतं आणि बाकीच्या ओळी पुढे जातात. ते टाकलं आणि मी स्वतःवरच हसत सुटले.

सोमवारी सकाळी बाबांनी स्वतः मेनू उघडला. चहा निवायच्या आत पान आलं. ते नाक पडद्याला लावून वाचत होते आणि मला फार बरं वाटत होतं. थोड्या वेळाने उठून त्यांनी सांगलीला थोरल्या बहिणीला फोन लावला. गावची प्रत्येक बातमी आजवर तिनेच यांना कळवलेली.

"ताई, उद्या तुमच्याकडे पाणी येणार नाही. आजच भरून ठेव."

आत्याचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "तुला रे तिथं बसून कोणी सांगितलं?"

"वाचलं," बाबा म्हणाले. फोन ठेवून ते आईकडे वळले. "ताईने अजून पेपर उघडलाच नाहीये."