कोपराचा बाक

वसुधाअक्का गेल्याचा फोन आला तेव्हा तिचाच पांढरा कोट माझ्या मशीनवर होता. खिसा उसवला होता, तो बसवत होतो. फोन बोम्मसंद्र्याच्या संस्थेतल्या वॉचमनचा. कानडीत म्हणाला, "अण्णा, मॅडम गेल्या. सकाळी, घरीच. हार्ट." मी म्हटलं सरी, म्हणजे बरं, आणि फोन ठेवला. पाय मशीनवर चालूच राहिले. खिसा संपूर्ण शिवून झाला तेव्हा कळलं, की हा न्यायला आता कोणी येणार नाही…

माझी शाळा चौथीत सुटली. चिकपेटेच्या बाजारात शिलाई करत म्हातारा झालो. लिहिणं हे माझं काम नव्हे, पण पेपरात तिच्यावर जे आलं त्यात सगळी पदकंच होती, माणूस कुठं दिसला नाही. कॅन्सरवर संशोधन करणारी ही संस्था एका मोठ्या सरांनी उभी केली. ते थकल्यावर अक्का तिची मुख्य झाली. जयनगरची, आमच्यासारखीच पिढ्यान्‌पिढ्या इथं कानडी मुलखात राहिलेल्या मराठी घरातली. लग्न केलं नाही. मोठ्या सरांचा एक नियम तिनं शेवटपर्यंत पाळला. रविवारी आणि सणाला शिकाऊ पोरांना घरी पाठवायचं, आणि बाटल्यांतल्या पेशींना खाणं मुख्य माणसानं स्वतः घालायचं. कॅन्सरच्या गाठीतल्या पेशी त्या, काढून वाढवलेल्या. वेळेवर खाणं मिळालं नाही तर मरतात.

त्यांत एक बाटली माझ्या इंदूची होती. इंदू माझी बायको. ऑपरेशनच्या आधी तिनं गाठीचा तुकडा संस्थेला द्यायला होकार दिला होता, मला न विचारता. ती गेल्यावर वर्षभरानं मी तिथं भांडायला गेलो. म्हटलं, माझं माणूस मला परत द्या. अक्कानं भांडू दिलं, चहा पाजला, आणि मग यंत्राच्या भिंगाला डोळा लावायला सांगितलं. आत चुरमुरे सांडल्यासारखं काहीतरी दिसलं.

"ही इंदू?"

"तिच्यातलीच, अण्णा. अजून वाढते आहे."

मी सरळ बोललो. "म्हणजे हिनंच माझी बायको खाल्ली, आणि तुम्ही हिलाच जेवू घालता?"

"घालते. हिला मारायचं कसं ते हिच्याकडूनच शिकायचंय." मग म्हणाली, "आणि वाईट निघालं तरी पोर घरचंच असतं की."

माझं असं तोंड बंद करणारी आधी फक्त इंदूच होती.

आमच्यात नवऱ्याआधी गेलेल्या बाईचं पान पितृपक्षातल्या नवमीला वाढतात, सवाष्ण बोलावून तिला जेवू घालतात. त्या वर्षी माझ्या डोक्यात बसलं, की इंदू स्वल्प का होईना अजून जिवंत आहे, मग तिचं जेवण कावळ्याला का घालू? डबा भरला, पुरणाचे होळिगे, वडे, खीर, आणि बस धरून बोम्मसंद्र्याला गेलो. अक्काला म्हटलं, ह्यातलं थोडं तिच्या बाटलीत घाला. शेजारी उभी शिकाऊ पोरं तोंड फिरवून हसली. अक्का हसली नाही. "आत नेलं तर बुरशी धरेल अण्णा, सगळ्याच मरतील." माझा चेहरा पाहिला असावा. काचेच्या दाराबाहेर बाकडं होतं, त्यावर बसली आणि डबा उघडला. "आज तिला भरवणारे हात माझेच ना? मग ह्या हातांना घाला."

"तुम्ही सवाष्ण नाही," मी म्हटलं. मी असाच आहे.

"मग होळिगे परत नेता काय?"

सगळं खाल्लं. वडे कडक झालेत, इंदूअक्का असती तर तुम्हाला ओरडली असती, असंही ऐकवलं. मग हात धुऊन, हातमोजे घालून आत गेली आणि इंदूच्या बाटलीत पेशींच्या खाण्याचं ते गुलाबी पाणी घातलं. मी काचेतून बघत उभा राहिलो. तेव्हापासून दर नवमीला हेच… घरात भिंतीशी बोलणारा माणूस मी. तेवढा एक दिवस माझ्याकडून इंदूला काही पोचायचं.

श्रावणात अक्का कोट द्यायला दुकानात आली. पायरीवर बसली, दम लागला होता. "घाई नको अण्णा, सावकाश शिवा." मी म्हटलं, रविवारी काय घालणार? म्हणाली, "आता रविवारचं काम कमी केलंय." मी ते वयावर घातलं.

ह्या नवमीला डबा घेऊन गेलो. जायलाच नको होतं, पण घरात बसवेना. इंदूला आता कोण घालणार, एवढंच डोक्यात. नवे सर बाहेर आले, तरुण आहेत, हिंदीत बोलतात. त्यांना माझी हकिकत ठाऊक होती. म्हणाले, ती बाटली आता चालू नाही. मॅडमनी जायच्या आधी स्वतःच त्या पेशी गोठवून थंड टाकीत ठेवल्या. मेल्या नाहीत, झोपल्यात. लागतील तेव्हा उठवू.

"झोपेत भूक लागते?"

"नाही, अंकल."

म्हणजे तिला कळलं होतं. आपल्यामागं रविवारी कोण येईल ह्याचा भरवसा नाही, म्हणून माझ्या इंदूला आधी निजवलं आणि मग गेली. मी बाकड्यावर बसलो. डबा उघडला आणि स्वतःच खाल्ला. वडे कडकच होते. ऐकवणारं कोणी नव्हतं…

कोट दुकानात खुंटीला आहे. तिनं घरी धुऊनच आणला होता, पण वर्षानुवर्षं हात वाकवून काम केल्यानं बाहीला कोपराशी जो बाक येतो, तो धुण्यानं जात नाही, इस्त्रीनं जातो. संस्थेतून दोनदा निरोप आला, मॅडमच्या फोटोखाली ठेवायचाय, इस्त्री करून पाठवा. रोज सकाळी इस्त्री तापवतो. गिऱ्हाइकांचे कपडे होतात. तो तेवढा राहतो.