फक्त तिकडच्यांबद्दल

"स्वीटी, डोन्ट टच."

काकू हे इंग्रजीत म्हणाल्या. हळू आवाजात, हसून. माझा हात पातेल्यापासून वीतभर लांब होता. तो तिथेच थांबला.

"सोवळ्यातलं आहे गं. तसं काही नाही," त्या पुढे मराठीत म्हणाल्या.

२०१६ चे गणपती. ग्वेल्फमधलं डॉक्टरकाकांचं घर. काका निवृत्त डॉक्टर, सत्तरच्या दशकात कॅनडात आलेले. विद्यापीठात शिकणाऱ्या आम्हा मराठी मुलांना सणाला जेवायला बोलवायचे. मी लवकर गेले होते. बेसमेंटमध्ये खुर्च्या लावल्या, वॉशरूममध्ये टॉवेल ठेवले, गार्बेज बाहेर नेऊन टाकला. ते सगळं चाललं. मग मोदकांचं पातेलं ओट्यावरून देवापुढे न्यायचं होतं, म्हणून मी पुढे झाले. इतकंच.

तेवढ्यात केतकी आली. पुण्याची, शेजारच्या किचनर शहरात सॉफ्टवेअरमध्ये. जीन्स, हातात कॉफीचा कागदी कप.

"सॉरी काकू, हायवेवर काय ट्रॅफिक आहे."

"बरी आलीस. एवढं पातेलं देवापुढे ठेव बघू."

केतकीने कप सिंकशेजारी ठेवला आणि पातेलं उचलून गेली. हात धुतले नाहीत. काकू पुसलेला ओटा पुन्हा पुसत होत्या. माझ्याकडे बघत नव्हत्या.

तसं काही नाही. मग कसं काही आहे?

पहिल्या भेटीत काकूंनी विचारलं होतं, नागपूरला कुठे? मी म्हटलं, इंदोरा. निळ्या झेंड्यांची आमची वस्ती. काकू मूळच्या नागपूरच्या. त्यांचं "अच्छा" तेव्हाच जरा लांबलं होतं. आज ते पातेल्यापर्यंत पोचलं.

मोदकातलं खोबरं फ्रोझन होतं. त्याचं रिकामं पाकीट मीच गार्बेजमध्ये टाकलं होतं. तो नारळ कोणी फोडला, कोणी किसला, कोणत्या हातांनी पाकिटात भरला, याची सोवळ्याने चौकशी केली नव्हती. समुद्र ओलांडून आलेले परके हात चालले. समोर उभ्या असलेल्या मुलीचा हात चालला नाही. मला राग यायला हवा होता. किळस आली.

जेवणानंतर सगळे बेसमेंटमध्ये जमले. काका इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक. अमेरिकेची निवडणूक तोंडावर होती आणि ग्वेल्फमधली निम्मी मराठी घरं संध्याकाळी सीमेपलीकडचा टीव्ही लावून बसत होती. काकांनी मला लेख लिहायला सांगितला होता : अमेरिकेतले धार्मिक लोक राष्ट्राध्यक्ष कसा ठरवतात. तो मी आज सगळ्यांपुढे वाचायचा होता.

हा लेख माझ्यासाठी काय होता, ते सांगते. बाबा दसऱ्याला दीक्षाभूमीच्या रस्त्यावर पुस्तिकांचा स्टॉल मांडायचे. बारा-सोळा पानांच्या, स्टेपल मारलेल्या, बोटाला शाई लागेल अशा पुस्तिका. मी वाचायला शिकले त्यांच्यावर. बाबा म्हणायचे, बोललेला शब्द माणूस गिळू शकतो, छापलेला गिळता येत नाही. माझ्या नावाचं अजून काहीही छापून आलं नव्हतं. हा पहिला लेख होता. बाबांना अंक पाठवते म्हणून सांगूनही झालं होतं.

काकांनी ओळख करून दिली. "आपली हुशार मुलगी. ऐका. तिकडे बायबल हातात घेऊन मतदान करणारे जे लोक आहेत ना, मिडीव्हल, त्यांची ही चांगली सालटी काढते."

लोक हसले. मी वाचायला लागले.

चर्चमधला पास्टर सहसा उमेदवाराचं नाव घेत नाही, मी वाचलं. तो सांगतो, गर्भपात पाप आहे, लग्न पुरुषाचं आणि बाईचंच, आणि सर्वोच्च न्यायालयावर कोण बसणार ते राष्ट्राध्यक्ष ठरवतो. उरलेली बेरीज लोक बाकावर बसल्या बसल्या स्वतःच करतात. या वेळचा त्यांचा उमेदवार त्यांच्या शिकवणुकीत कुठेच बसत नाही. घटस्फोट, कॅसिनो, बायकांबद्दलची भाषा. तरी ते नाक दाबून त्यालाच मत देतील. उमेदवार शुद्ध असलाच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं नाही. त्याने त्यांची शुद्धता राखली म्हणजे झालं.

इथे मी थांबले. हे वाक्य मी ऑगस्टमध्ये लायब्ररीत बसून लिहिलं होतं, अमेरिकेबद्दल. आता ते वाचताना डोळ्यांपुढे केतकीचे न धुतलेले हात आले. पातेलं शुद्ध हातात द्यायचं नव्हतंच. आपल्या हातात द्यायचं होतं.

पुढचं वाक्य कागदावर असं होतं : 'या धार्मिक पुराणमतवाद्यांना ओळखायला हवं.' मी वाचलं, "या सोवळेवाल्यांना ओळखायला हवं."

पुढच्या खुर्च्यांवरच्या दोन-तीन माना वर झाल्या.

"काय म्हणालीस?" काका म्हणाले.

"सोवळेवाले."

"छे छे. शब्द चुकला बेटा. सोवळं म्हणजे हायजीन. आपल्या पूर्वजांनी किती सायंटिफिक विचार केला होता. तिकडचे लोक दुसऱ्यांवर लादतात. आपण कुठे कोणावर लादतो?"

"मग मघाशी पातेल्याला माझा हात का चालला नाही, काका?"

केतकी फोनमध्ये बघायला लागली. काकू जिन्यावर उभ्या होत्या. म्हणाल्या, "अगं, सणाच्या दिवशी कुठे हे काढतेस? आम्ही तुला मुलीसारखं मानतो."

"माझं शिक्षण अन्नसुरक्षेचं आहे, काकू. मी लॅबमध्ये जिवाणू मोजते. त्यांना इंदोरा कळत नाही. तुम्हाला कळतं."

एक वयस्कर गृहस्थ हसले आणि लगेच खोकल्यात लपले. काका हात वर करून म्हणाले, "चला, चहा घेऊ या."

निघताना त्यांनी मला दाराशी गाठलं. आवाज मऊ. "लेख उत्तम आहे. मूळ शब्द राहू दे, मी पहिल्या पानावर घेतो. एका शब्दासाठी हट्ट कशाला?"

"तो शब्द ठेवूनच छापा."

"अंक सगळ्यांचा आहे गं. लोक दुखावतात."

"मग लेख मला परत द्या."

त्यांनी तो दिला. माझ्या हातात प्रसादाचा डबाही दिला, प्लास्टिकचा, परत करावा लागणार नाही असा. तो मी बुटांच्या रॅकवर ठेवून आले. दिवाळी अंक निघाला, चकचकीत, माझ्याशिवाय. बाबांना फोन करून कारण सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "शब्द तुझ्याकडे आहे ना?"

नोव्हेंबरात निकाल लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन. आवाज खचलेला, अगदी खरा खचलेला.

"बघितलंस? तुझे सोवळेवाले जिंकले की. चर्चच्या चर्च त्याच्यामागे गेली. शी. किळस येते या लोकांची."

तुझे सोवळेवाले. गणपतीत शब्द चुकला होता. आता तो त्यांच्याच तोंडात चपखल बसला होता.

"रविवारी बेसमेंटमध्ये चर्चा ठेवतोय. तू ये. त्याच शब्दावर बोल, माझी हरकत नाही." मग जरा थांबून, "फक्त तिकडच्यांबद्दल."

हा माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला तिकडच्यांची खरोखर किळस होती. त्या पास्टरांना, त्या मतदारांना तो मनापासून शिव्या देत होता, आणि त्याच्या माथ्यावरच्या स्वयंपाकघरात पातेल्याभोवती तीच रेघ ओढलेली होती. सीमेपलीकडचं त्याला चष्म्याशिवाय दिसायचं. जिना चढून वरचं दिसायचं नाही.

"काका, मी येणार नाही," मी म्हटलं. "तिकडच्यांबद्दल तुम्ही चांगलं बोलता. माझी गरज नाही."

"रागावलीस?"

"नाही. मला काम आहे."

काम होतंच. त्या आठवड्यात मी लेख पुन्हा टाइप केला, ग्वेल्फच्या लायब्ररीत झेरॉक्स काढल्या, दुमडल्या. पहिली पानं तिकडच्यांबद्दल : चर्च, न्यायालय, नाक दाबून दिलेलं मत. नंतरची पानं इकडच्यांबद्दल : ओटा, पातेलं, स्वीटी डोन्ट टच. मध्ये स्टेपल. दोन्ही भाग वेगळे काढायचे तर पुस्तिका फाडावी लागेल. वर माझं नाव आणि खाली इंदोरा, नागपूर. पहिली प्रत बाबांना पोस्ट केली.

रविवारी मी गेले. आत गेले नाही. काकांच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी, सार्वजनिक फुटपाथवर, थंडीत उभी राहिले आणि गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येकाच्या हातात पुस्तिका दिली. काहींनी घेतली. काहींनी हात मागे घेतला. केतकीने घेतली, शीर्षक वाचलं आणि पर्समध्ये खोल सरकवली. काकू खिडकीच्या पडद्याआडून बघत होत्या.

मला त्या पातेल्याला हात लावायचा नाही. आता त्यांनी आग्रह केला तरी लावणार नाही. माझ्या हाताला दुसरं काम आहे. पुढच्या गणपतीला मी याच फुटपाथवर असेन, आणि पुस्तिकांचा गठ्ठा जाड असेल.