तारेवरचं पाकीट

ऑक्टोबर छाटणी झाली की माझं तोंड सुतकी होतं, असं बायको म्हणते. खोटं नाही म्हणत. छाटणीनंतर द्राक्षाला कोवळी फूट निघते, मढच्या बाजूनं आभाळ भरून येतं आणि मी पानं उलटीपालटी करत हिंडायला लागतो. पानाच्या वर तेलकट पिवळा डाग आणि त्याच जागी खाली पांढरी लव दिसली की समजायचं, केवडा आला. नाव वेणीत माळायच्या फुलाचं आणि काम घड जाळायचं. इतकी वर्षं हेच बघतोय. आता ढग दिसले की आधी कंटाळा येतो, भीती मागाहून.

आमच्याकडं एक पद्धत होती. औषध मारून झालं की त्याचं रिकामं पाकीट बांधाकडच्या तारेला अडकवायचं. मूळ कारण साधं. कामाला आहुप्याकडच्या बाया येतात, त्यांना कळावं की आज फवारणी झालीय, आज पानांना हात लावायचा नाही. पण बायांपेक्षा ते पाकीट शेजारीच जास्त बघायला लागले. शेजारी म्हणजे माझा धाकटा चुलतभाऊ, बांधाला बांध लागून. माझा फवारणीचा ब्लोअर थांबला की तो बांधावर येणार, तारेकडं बघणार आणि दुसऱ्या दिवशी तेच औषध त्याच्या बागेत. त्याचं बघून पलीकडचा. पूर्वी आम्ही बांधावरून हाका मारून एकमेकांना सांगायचो. पाकिटं टांगायला लागलो तशा हाका बंद झाल्या. मला बरंच वाटायचं, खोटं कशाला बोलू. सगळं शिवार माझ्या तारेवर चालायचं.

चुलतभावानं माझ्याच शब्दावर उसाचं रान मोडून द्राक्षं लावली होती. गेल्या साली त्याचं पहिलं पीक. छाटणीच्या दिवशीच त्यानं मला सांगून ठेवलं, "दादा, पयला घड तुझ्या हातनं तोडायचा."

आणि त्याच साली केवडा औषधाला बधेना. मारलं. चार दिवसांनी पुन्हा मारलं. डोस वाढवला. औषधाच्या दुकानात जाऊन म्हटलं, केवड्याला ह्याची सवय झाली राव, दुसरं द्या. दुसरं आणलं. तेही चालेना, मग तिसरं. दर वेळी तारेवर नवं पाकीट, नवं चित्र, नवं नाव. दोन दिवस लव वाळल्यासारखी दिसायची आणि तिसऱ्या दिवशी येरे माझ्या मागल्या. अंगाला औषधाचा वास इतका मुरला की जेवण गोड लागेना. बायको म्हणाली, "बाग जगवताय का सोताला मारताय?" मी पुढचा टँक भरायला गेलो.

दिवाळीला बायकोची भाची आली. ती कृषी कॉलेजात शिकवते. फराळ राहिला बाजूला, पोरगी आधी बागेत गेली. मी खोपीतली दोन जुनी पाकिटं दाखवली. तिसरं तारेला लटकत होतं, ते तिनं तिथंच उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचली आणि तसंच सोडून दिलं.

"काका, ही नावं तीन आहेत. आत औषध एकच आहे."

मला आधी तिचाच राग आला. चार बुकं शिकून आलेली पोर मला द्राक्ष शिकवणार. मग चष्मा लावून मीही वाचलं. खरंच एकच होतं.

ती म्हणाली, बुरशीला सवयबिवय लागत नाही. तिच्यात थोडी पहिल्यापासूनच त्या औषधाला न जुमानणारी असते. तुम्ही बाकीची मारली, की रान तिचंच. मला लव्हाळा आठवला. खुरपून सगळं गवत काढावं, लव्हाळ्याची गाठ मातीत राहावी आणि महिन्याभरात वावरभर लव्हाळाच व्हावा, तसं आम्ही चार वर्षं आपल्या हातानं केलं होतं. त्यात सगळं शिवार एकच औषध मारत होतं, म्हणजे त्या बुरशीला अडवणारं दुसरं औषध कुठंच नव्हतं.

तिनं सांगितलं, हे औषध आता बंद. रोगट पानं, घड काढून लांब नेऊन गाडा, वेलीत वारं खेळू द्या. साधं, पानावर नुसतं बसून राहणारं औषध मारा. पुढं पाकिटाच्या आतलं औषध बदलून बदलून वापरायचं, एक औषध हंगामात दोनदाच, तेही साध्यात मिसळून. नुसतं नाव बदललं म्हणून फसायचं नाही.

भाची गेली आणि आम्ही कामाला लागलो. बाया पानं काढत होत्या, मी खड्डे घेत होतो, मधेमधे फवारत होतो. साधं औषध मोठ्या गोणीतलं. पाकीट रिकामं होतच नव्हतं, मग टांगणार काय? चुलतभावाला सांगायला पाहिजे हे रोज सकाळी मनात यायचं. पण सांगायचं म्हणजे कबूल करायचं, की ज्याच्या तारेकडं सगळे बघतात त्याला पाकिटामागची अक्षरं वाचता आली नाहीत. लाज वाटत होती. शिवाय दमलो होतो. उद्या सांगू, म्हणायचो. असे दहाबारा दिवस गेले.

मग एका दुपारी तो बांधावर आला. "दादा, औषध मारतोय तरी घड वाळाय लागलं. तुझं काय?"

"माझं निम्मं वाचंल," मी म्हणालो.

तो तारेकडं बघत होता, म्हणून मीही बघितलं. तिसरं पाकीट तिथंच होतं, उन्हानं विटलेलं. माझा ब्लोअर वाजला की तो येत होता, ते पाकीट बघत होता आणि त्याच मेलेल्या औषधाचा टँक भरत होता. तो गेल्यावर मी ते पाकीट काढलं आणि खिशात घातलं. तेव्हाही बोललो नाही. त्याच्या बागेत त्या साली एकही घड तोडण्याजोगा राहिला नाही.

माझ्या तोडणीला तो न बोलावता आला. स्वतःची कात्री घेऊन आला, दिवसभर माझे घड तोडून क्रेटमध्ये लावत राहिला. एकदाही तोंड वाकडं केलं नाही. चहाला आम्ही मांडवाखाली बसलो तेव्हा मला ते सोसेना. मी सगळं सांगितलं. तीन नावं, एक औषध, विसरलेलं पाकीट, माझी लाज. दिवाळीपासून मला ठाऊक होतं, हेही सांगितलं.

तो कात्रीचा चीक पुसत राहिला.

"बांध काय लई लांब व्हता का दादा," तो म्हणाला. "एक हाक मारायची व्हती."