मुरगाबचा कॉन्सल

"राजा एकटा असतो, म्हणून माजतो. मुखिये दोन हवेत," असं म्हणत मास्तर दोन बोटं उंच धरायचे. रत्नागिरीकडच्या शाळेत ते इतिहास शिकवत. पुढे, साठ सालाच्या आसपास, कुवेतच्या बंदरावर गोदामाचे कारकून झाले, पण इतिहास काही सुटला नाही.

तिथल्या मुरगाब मोहल्ल्यातल्या एका मातीच्या घरात आम्ही दहाजण राहायचो. आमच्या मेसला मास्तरांनी थेट रोमचा कारभार लावला. राजाला हाकलल्यावर रोमने दोन कॉन्सल नेमले, वर्षापुरते. आमचेही दोन मुखिये, वर्षापुरते. एक महिना एकाचा शब्द, पुढचा महिना दुसऱ्याचा. आणि दुसऱ्याने 'नाय' म्हटलं की ठरलेलं रद्द. मास्तरांनी दुधी ठरवला की दुसरे मुखिया, दाभोळचे ड्रायव्हर हुसेनभाई, "नाय" म्हणायचे आणि आम्ही नुसत्या डाळीवर जेवायचो. हसू नका, भांडणं खरंच थांबली होती.

एक गोष्ट मात्र ते सांगू लागले की घास उतरत नसे. पहिल्या कॉन्सलचे मुलगे राजाला परत आणायच्या कटात सापडले. बापानेच शिक्षा सुनावली आणि आसनावर बसून त्यांच्या माना उडवलेल्या पाहिल्या. "मुखिया म्हणजे असा," मास्तर म्हणायचे.

मग त्यांचा मुलगा आला, आमच्याच खोलीत. पोरगा गोड, पण उपद्व्यापी. थोड्याच दिवसांत खोलीत खजुराचा आंबूस वास येऊ लागला. दारू सापडली तर तुरुंग आणि मग मुंबईची बोट, हे सगळ्यांना ठाऊक.  मास्तर ती गोष्ट रोज सांगू लागले, मुलाकडे बघत. मला त्यांची भीती वाटू लागली.

शुक्रवारी दुपारी पोलीस आले. मुलाच्या खाटेखालून बरणी निघाली. कुणाची, म्हणून विचारलं. महिना मास्तरांचा होता. आम्ही सगळे त्यांच्याकडे पाहत होतो.

"माझी," मास्तर मोडक्या अरबीत म्हणाले.

"नाय, मास्तर," हुसेनभाई पुटपुटले. मास्तरांनी ते ऐकलंच नाही.

"अब्बा..." मुलगा पुढे झाला.

"तू गप्प बस. इथं मुखिया मी आहे."

मला त्यांचा राग आला, आणि पाया पडावंसंही वाटलं.

तुरुंग झाला, मग मुंबईची बोट, आणि मास्तरांना पुन्हा कुवेतला येता आलं नाही. पुढे ते गावीच वारले. तार आली त्या दिवशीही मुलगा कामावर निघाला. मी त्याला म्हटलं, आज तरी घरी थांब.

"थांबून काय करू, काका?" तो म्हणाला. "तुम्ही सगळे माझ्याकडंच बघत बसाल."