उघड्या डोळ्यांची प्रार्थना

प्रार्थनेच्या वेळी डोळे उघडे ठेवणारी आमच्या घरात मी एकटीच होते. मोठी माणसं डोळे मिटून देवाला बघतात म्हणे. मला उघड्या डोळ्यांनी माणसं बघायला जास्त आवडायचं. रेल्वेच्या गार्डसाहेबांची बायको "हे दयाळू पित्या" म्हणता म्हणता पायाची बोटं चोळायची. माझा धाकटा भाऊ सतरंजीचा दोरा उपसून तोंडात घालायचा. आणि आई भिंतीजवळ गुडघे टेकून इतकी निश्चल असायची, की तिच्या खांद्यावर माशी बसली तरी पदर हलायचा नाही. नऊ-दहा वर्षांच्या मुलीला यातून जेवढं धर्मज्ञान मिळायचं तेवढं मला मिळत होतं.

लढाईची वर्षं होती ती. कर्जतमध्ये आम्हा ख्रिस्ती लोकांची घरं बोटांवर मोजण्याइतकी, आणि तीही बहुतेक रेल्वेतली. आमचं स्वतःचं देऊळ, म्हणजे चर्च, नव्हतं. महिन्यातून एका रविवारी पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, गाडीनं घाट उतरून यायचे, बरोबर त्यांची बायको, पाळकीणबाई. सकाळी गार्डसाहेबांच्या ओटीवर उपासना, पेटी आणि टाळ घेऊन भजनं, आणि दुपारी बायकांची सभा आमच्या खोलीत. आमच्याकडे का, तर आमच्या घरात पुरुषमाणूस नव्हता. वडील लष्करी दवाखान्यात कंपाउंडर होते, समुद्रापार कुठेतरी. आई इथल्या सरकारी दवाखान्यात नर्स.

नर्स म्हणजे काय काय, हे आज सांगून पटणार नाही. दवाखाना तर होताच, पण आजूबाजूच्या गावांत बाई अडली की माणूस आईला शोधत यायचा. कधी नदीपलीकडे दहिवलीला, कधी नेरळपर्यंत गाडीनं आणि पुढे बैलगाडीनं. लोक तिला 'किरिस्ताव बाई' म्हणायचे, आणि त्यात तुच्छता अजिबात नव्हती. तिच्या हाताला गुण आहे अशी सगळ्यांची खात्री होती. आईला हे काम आवडायचं. परत आली की हातपाय धुऊन ती आम्हाला पोराचं वर्णन करायची. "काय नाक होतं गं! आजोबांचं नाक घेऊनच आलाय." आम्ही त्या न पाहिलेल्या पोरांना ओळखायचो.

त्या वर्षी भातकापणी उरकत आली असताना पोशीरहून बोलावणं आलं, आणि आई पोचेपर्यंत उशीर झाला होता. घरच्यांनी आधी गावच्या सुईणीचे सगळे उपाय करून पाहिले, मग दुसऱ्या गावची सुईण आणली, आणि सगळं हाताबाहेर गेल्यावर माणूस कर्जतला पाठवला. तशी रीतच होती. बाळ वाचलं. बाई गेली. तिला आधीची दोन लहान मुलं होती आणि ती दाराशी उभी राहून बघत होती, एवढंच आईनं सांगितलं. तेही मला नाही, शेजारच्या मावशीला.

या मावशी कुणबी घरातल्या. आई ड्यूटीवर असली की आम्हा दोघांना त्याच सांभाळायच्या. त्यांच्या घरी चुलीपुढे बसून खाल्लेली तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी मला अजून आठवते, आणि खरं सांगायचं तर ख्रिस्ती आणि हिंदू यांतला फरक मला त्या भाकरीत कधी सापडला नाही.

आई दुसऱ्या दिवशी कामावर गेली. तिसऱ्या दिवशीही गेली. स्वयंपाक व्हायचा, माझी वेणी व्हायची, भावाचं नाक पुसलं जायचं. पण पोरांची वर्णनं बंद झाली. ती तांदूळ निवडायला बसायची आणि सूप मांडीवर तसंच राहायचं. मी हाक मारली की "हं" म्हणायची, आणि ते "हं" कुठून तरी फार लांबून यायचं. मावशी एकदा माझ्या डोक्याला तेल लावताना म्हणाल्या, "तुजी आय घरात हाय, पन घरात नाय गं." मला रडूच आलं. कारण हे कुणीतरी मोठ्यानं म्हणायला हवं होतं, आणि आमच्यात कुणी म्हणत नव्हतं.

आमच्यात म्हणायची पद्धतच नव्हती. सभेत प्रत्येक बाईनं 'साक्ष' द्यायची, म्हणजे देवानं आपल्याला कसं सांभाळलं ते उभं राहून सांगायचं. दुधाचं भांडं उतू गेलं तरी साक्षीत ते आशीर्वाद होऊन यायचं. पाळकीणबाई तर सांगायच्याच, की ख्रिस्ती बाईचा चेहरा सदा प्रसन्न असावा, पडलेलं तोंड म्हणजे विश्वासाची खोट. त्या स्वतः उंच, पांढऱ्याशुभ्र पातळातल्या, लांब बाह्यांचं पोलकं घालणाऱ्या, आणि बारा महिने प्रसन्न. प्रसन्न चेहऱ्यांचा मला तेव्हापासून थोडा रागच आहे. पोशीरच्या त्या प्रकारानंतरच्या सभेत आई उभी राहिली आणि "प्रभूनं राखलं, त्याचे आभार" म्हणून खाली बसली. बायका "आमेन" म्हणाल्या. मी तिच्याकडे बघत होते. गाडीची वेळ सांगावी तसं ती बोलली होती.

मग एका शनिवारी पोशीरहून त्याच घरचा म्हातारा आला. गेलेल्या बाईचा सासरा. दाराबाहेर पागोटं काढून उभा राहिला, आत येईना. "बाई, धाकल्या सुनेचं दिस भरत आलंत. या येळेला आदीच सांगाया आलोय. सोमवारी नेरळला गाडी धाडतो. याल ना?"

एवढं लांब चालत आलेला तो माणूस, झालेली चूक पुन्हा होऊ नये म्हणून आलेला. आईनं त्याला पाणी दिलं, गूळ दिला, पण हो म्हटलं नाही. "बघते," म्हणाली. तो गेल्यावर मावशींना म्हणाली, "मी हे काम सोडतेय. पट्ट्या बांधीन, औषधं देईन, पण त्या घरात पुन्हा नाही जाणार. माझ्यानं नाही होणार."  मी घाबरले. आई एखादं काम 'होणार नाही' म्हणू शकते हे मला ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सभेचा रविवार होता.

काम सोडतेय म्हणाली खरी, पण बोलावणं आल्यावर आधीची सगळी रात्र आई दहिवलीला एका बाळंतिणीपाशी होती. सकाळी आली ती तशीच उपासनेला, मग आल्यागेल्यांचा चहा, मग सभा. साक्षी झाल्या. आईनं आपली ठरलेली साक्ष दिली. शेवटी पाळकीणबाई म्हणाल्या, "आता आपल्या नर्सबाई प्रार्थना करतील." सगळ्या बायकांनी गुडघे टेकले, पदर डोक्यावर ओढले, डोळे मिटले. आईनं कपाळ खाटेच्या कडेला टेकवलं.

आणि काहीच झालं नाही.

आमच्यात प्रार्थना करणारी 'आमेन' म्हणेपर्यंत कुणी डोळे उघडत नाही. मध्येच उघडले तर देवाशी चाललेलं बोलणं तोडल्यासारखं. तेव्हा सगळ्या डोळे मिटून वाट बघत होत्या. बाहेर इंजिनाची शिटी झाली. भावानं दोरा तोंडात घातला. मी, अर्थातच, आईकडे बघत होते. तिचे हात उलगडून मांडीवर पडले होते. तोंड किंचित उघडं होतं. आई गुडघ्यांवर बसल्या बसल्या गाढ झोपली होती.

मग तिनं एक श्वास ओढला, लांब, घशात अडकणारा. साधं घोरणं होतं ते. पण डोळे मिटलेल्या बायकांना ते घोरणं कसं वाटावं? गार्डसाहेबांच्या बायकोनं हुंदका दिला. "हो प्रभू!" म्हणाली. आईनं दुसरा श्वास ओढला. आता शाळामास्तरांची बायकोही रडू लागली. शब्दांपलीकडची प्रार्थना चालली आहे, हृदय फाटून कण्हणं बाहेर पडतंय, अशी सगळ्यांची खात्री झाली. आई जितकी घोरे तितक्या त्या स्फुंदत. मला हसू येत होतं. पण कुणी डोळे उघडले तर? प्रार्थनेत झोपली, अशी गोष्ट महिनाभर रेल्वेच्या चाळीत फिरली असती. आईनं पुन्हा वर मान केली नसती.

मी वळून पाळकीणबाईंकडे बघितलं, आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. डोळे टक्क उघडे. त्या खोलीत डोळे उघडे असलेल्या आम्ही दोघीच. मला वाटलं आता संपलं. त्यांनी आईकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. तो प्रसन्न चेहरा उतरत गेला आणि खाली एका म्हाताऱ्या, दमलेल्या बाईचा चेहरा दिसायला लागला. मग त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"आमेन," त्या अगदी हळू म्हणाल्या. "बायांनो, बाईंची प्रार्थना अजून चालू आहे. ती मोडू नका. आवाज न करता निघा."

पाळकीणबाई धडधडीत खोटं बोलल्या, तेही रविवारी. बायका वहाणा हातात घेऊन, डोळे पुसत, पाऊल न वाजवता बाहेर पडल्या. पुढे कितीतरी वर्षं त्या आईच्या त्या प्रार्थनेबद्दल आदरानं बोलायच्या, आणि मी तोंडात पदर कोंबून ऐकायची.

पाळकीणबाईंनी मला आणि भावाला स्वयंपाकघरात पिटाळलं. आईला त्यांनी उठवलं नाही. तिच्या गुडघ्यांखाली घोंगडी सरकवली आणि स्वतः शेजारी जमिनीवर बसून राहिल्या. पाळकसाहेबांचा निरोप आला, गाडीची वेळ झाली. "तुम्ही पुढे व्हा," त्यांनी कळवलं. मी दाराच्या फटीतून सगळं बघत होते.

उन्हं कलल्यावर आईला जाग आली. रिकामी खोली बघून तिला काय झालं ते कळलं. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "सगळ्यांनी बघितलं?"

"कुणी नाही. मी बघितलं. आणि तुझ्या पोरीनं."

"पाळकीणबाई, मी झोपले नसते तरी बोलता आलं नसतं. पोशीरपासून मला प्रार्थनाच येत नाही. ओठ हलवते नुसती. साक्ष देते ती खोटी देते."

मला वाटलं आता उपदेश सुरू होणार. पाळकीणबाई म्हणाल्या, "तुला दवाखान्यात तरी दमायची मुभा आहे. मी पाळकाची बायको. मला घरातसुद्धा तोंड पाडायची सोय नाही." आणि त्या हसल्या. हे हसू वेगळं होतं, वाकडं, एका बाजूचं. मला त्या एकदम आवडल्या.

मग आई बोलत सुटली. ती बाई कशी हात धरून होती, दाराशी ती दोन पोरं कशी उभी होती, मोठीच्या कडेवर धाकटं, आणि रस्ताभर आपण कसा देवाचा धावा करत गेलो. "रस्ताभर मागत होते मी. बैल दमले, मी मागायची थांबले नाही. काय उपयोग झाला? आणि आता त्याच दारात जाऊ? काय तोंड घेऊन?" ती रडली, मोठ्यानं, नाक ओढत, लहान मुलासारखी. मी तिला कधी असं रडताना पाहिलं नव्हतं. भीती वाटायच्या ऐवजी मला बरं वाटलं. आई घरात आली होती.

"हे सगळं त्याला सांगितलंस?" पाळकीणबाईंनी विचारलं.

"त्याला? असं? देवाशी असं बोलतात का?"

"मला बोललीस तसं बोल. मी ऐकलं, तोही ऐकेल. नाही आवडलं तर त्याचं तो बघेल."

 आईनं पदर डोक्यावर घेतला नाही, गुडघेही टेकले नाहीत. पाय पसरून, भिंतीला टेकून बसली होती तशीच बसली. डोळे उघडे. समोरच्या कौलांकडे बघत, घरातल्या माणसावर चिडावं तशी ती म्हणाली, "कुठं होतास तू त्या दिवशी? मी पोचले, माझ्या हातून होईल ते केलं. तू कुठं होतास?"

पाळकीणबाईंनी तिचा हात धरला. 

आईनं डोळे पुसले. तिचा आवाज जरा खाली आला. "उद्या मी पोशीरला जातेय. त्याच घरात. मला भीती वाटते. या खेपेला तूही ये, आणि वेळेवर ये."