हात दुखला तर सांग

निवृत्त होऊन अमरावतीला घरी बसलो, तरी सकाळी प्रार्थनेच्या वेळेला माझे कान उभे राहतात. शेजारची बाई भांडी घासत असते, तिच्या बांगड्या वाजतात, आणि मी हातातला पेपर खाली ठेवतो. बायको विचारते, कोण आलं? कोणी नसतं. कोण येणार? ज्यानं यावं त्याला मीच घालवून दिलं.

तेव्हा मी बाळापूरकडच्या एका गावात हायस्कुलाचा हेडमास्तर होतो. तिशी नुकतीच उलटलेली, वकिलाचा मुलगा, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं ही खात्री. शाळेत मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. गॅदरिंगच्या नाटकात बाईचा पार्ट मुलगाच करी. त्या वर्षी तो हिवरखेडच्या एका शेतकऱ्याच्या पोरानं केला. मामाकडे राहून शिकत होता, त्या वर्षी मॅट्रिकला बसणार होता. असं काम केलं पठ्ठ्यानं, की पहिल्या रांगेत बसलेले शाळा कमिटीचे अध्यक्ष उपरण्यानं डोळे पुसत होते.

गॅदरिंग झालं की लुगडी, दागिने ज्याच्या त्याच्या घरी परत जात. बांगड्या तेवढ्या राहत. शाळेच्या फाटकाशी निंबाखाली एक म्हातारी मुसलमान चुडीवाली बसायची, ती त्या पोरांच्या हातात भरून द्यायची, आणि दुसऱ्या दिवशी पोरं खिदळत त्या दगडावर फोडायची. यानं फोडल्या नाहीत. उन्हं तापली तरी पूर्ण बाह्यांचा सदरा घालून यायचा. प्रार्थनेला हात जोडले की बाहीच्या आत वाजायचं. मला आठ दिवस ऐकू येत होतं. मी गप्प होतो, कारण खरं सांगायचं तर त्यात काही वाईट आहे असं मला वाटतच नव्हतं.

मग ड्रिल मास्तरांनी बाही वर करायला लावली आणि बोभाटा झाला. रडले होते तेच अध्यक्ष ऑफिसात येऊन म्हणाले, असला मुलगा शाळेत नको. मी पोराला बोलावलं, दार लावून घेतलं आणि विचारलं, काढत का नाहीस बाबा?

तो खाली बघत म्हणाला, "सर, काढल्या का हा हात माहा वाटत नाई."

मला समजलं. हेच तर दुखणं आहे माझं, की मला समजलं होतं. पण अध्यक्षांपुढे ते बोलायची छाती नव्हती. मग मी तोडगा काढला. साप मरावा आणि काठीही मोडू नये. कमिटीला सांगितलं, पोरगं साधं आहे, त्या चुडीवालीनं नादी लावलं. ती मुसलमान, त्यामुळे ते सगळ्यांना ताबडतोब पटलं. तिला फाटकापासून उठवायचं आणि पोरानं तसं लिहून द्यायचं, म्हणजे त्याचं वर्ष वाचेल, असं ठरलं. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची, आणि वर मी स्वतःला दयाळू समजत होतो.

म्हातारीला सांगायला मीच गेलो. ती भांडली नाही. बांगड्यांचे तोडे टोपल्यात नीट लावत म्हणाली, "मी उठतो, मास्तरसायेब. पोराले तं ठेवसान न?"

मी हो म्हटलं.

पोराला कागद दिला आणि काय लिहायचं तेही सांगितलं. त्यानं लिहिलं आणि कागद टेबलावर ठेवून गेला. तो कागद अजून माझ्यापाशी आहे. 'बांगड्या मी स्वतः मागून भरल्या. भरताना बाई म्हणाल्या, हात दुखला तर सांग. या शाळेत मला असे दुसरे कोणी विचारले नाही.'

मी कागद खिशात घातला. कमिटीला सांगितलं, मुलगा काही लिहून द्यायला तयार नाही. झालं, त्याचं नाव काढायचं ठरलं. दाखल्यावर वर्तणुकीच्या रकान्यात मी 'चांगली' लिहिलं नाही, नुसती रेघ ओढली. अशी रेघ असलेला दाखला बघून अकोल्यातलीच काय, कुठलीही शाळा त्याला दारात उभं करणार नव्हती. मॅट्रिक गेलं, हे त्याला माहीत होतं आणि मलाही.

दाखला न्यायला तो दुसऱ्या दिवशी आला. सदरा अर्ध्या बाह्यांचा होता. हातात बांगड्या नव्हत्या. मामानं आदल्या दिवशी घरीच फोडल्या होत्या, शिपाई म्हणाला. त्यानं हात पुढे केला. मनगटभर काचेचे ओरखडे, काही अजून ओले. मी दाखला त्या हातात ठेवला आणि सही कुठे करायची ते बोटानं दाखवलं.